जुना ट्रक आणि गळकं ऑइल: सील बदलायच्या आधी काय बघायचं?

(हे आपल्या ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

दसरा जवळ आला की कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव या पट्ट्यातल्या गॅरेजांसमोर ट्रकांची रांग लागते. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत गाडी तयार पाहिजे. एकदा ऊसतोडीची टोळी आली, वाहतूक सुरू झाली, की पट्टा पडेपर्यंत गाडीला सुट्टी नाही. त्या रांगेत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मिस्त्री, इंजिन ऑइल टाकतंय बघा."

आणि त्यावरचं सगळ्यात महागडं उत्तर, "मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागतोय."

हे उत्तर कधी कधी अगदी बरोबर असतं. पण ते तपासून दिलंय की अंदाजानं, हे गाडीवाल्याला कळलं पाहिजे. मी स्वतः मिस्त्री नाही. आमच्या घरचा ट्रक आहे, दादा चालवतो आणि हिशेबाची वही माझ्याकडं असते. त्यामुळं गॅरेजात मी जास्त वेळ उभा असतो तो "हे काम कशासाठी?" असं विचारायला. आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करणारे, नुकतं स्टिअरिंग हातात आलेले, किंवा घरी बाबांची जुनी गाडी असलेले जे कोणी ऐकताय, त्यांच्यासाठी आजचा भाग.

आपल्या भागातली इंजिनं

थोडी ओळख आधी. टाटांनी मर्सिडीज-बेंझबरोबर १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ ला संपला, पण त्या घराण्यातली इंजिनं पुढं कित्येक वर्षं रस्त्यावर राहिली. '६९७' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याचा अर्थ सोपा आहे: सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ४०७ गाडीतलं '४९७' म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. नंतर आली कमिन्सची ६बीटी, ५.९ लिटरची. टाटा कमिन्सचा एक कारखाना तर आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणलाच आहे.

तसं डिझेल इंजिन आपल्याला नवं नाही. साताऱ्याची कूपर कंपनी १९२२ ची, किर्लोस्करवाडी १९१० ची. विहिरीवर ठकठक करणारं इंजिन बघत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्यामुळं गळतीवर सल्ला द्यायला पारावरचा प्रत्येक माणूस तयार असतो. गंमत अशी की यातले बरेच सल्ले विहिरीवरच्या इंजिनाला चालतात, घाट चढणाऱ्या ट्रकला नाही.

थेंबाचा हिशेब

"थोडं टाकतंय, चालतंय की." हे वाक्य आपण वहीवर मांडून बघू. साधारण चोवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दर पाच सेकंदाला एक थेंब पडतोय, म्हणजे तासाला ७२० थेंब, म्हणजे ३० मिली. दिवसाला दहा तास इंजिन चाललं तर ३०० मिली. आठवड्याला दोन लिटरच्या वर. आता त्या ऑइलची किंमत तुमची तुम्ही मांडा.

पण ऑइलचे पैसे हा लहान भाग झाला. कारखान्याच्या गव्हाणीसमोर गाडी रात्र-रात्र रांगेत उभी, ड्रायव्हरला झोप नाही, सकाळी पट्टी काढून ऑइल बघायचं राहून गेलं, आणि भरलेली गाडी चढाला लागली. ऑइल कमी, चढावर ते एका बाजूला झुकलेलं, पंपाच्या जाळीत हवा शिरली. बेअरिंगला मिनिटभर ऑइल मिळालं नाही तरी क्रँक खराब होऊ शकतो. मग एका पॅकिंगचा खर्च फुल इंजिनवर जातो, आणि हंगामातले दिवस जातात ते वेगळेच. टोळीची उचल मात्र तुमच्या नावावर तशीच राहते.

आधी ओळखा, गळतंय ते काय आहे

ट्रकखाली ओलं दिसलं म्हणजे ते इंजिन ऑइलच असं नाही. एक पांढरा पुठ्ठा रात्रभर खाली ठेवा. सकाळी बघा, बोटानं चोळा, वास घ्या.

काळं, पातळसर, जळकट वासाचं असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. बोटावरून पटकन पसरणारं, डिझेलचाच वास असणारं असेल तर नोझलचे ओव्हरफ्लो पाइप किंवा डिझेल पंपाचे जोड तपासा. हिरवट किंवा लालसर, हाताला पाण्यासारखं लागलं तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर हबचं सील बघा. ते वेगळं काम आहे आणि जास्त तातडीचं, कारण तेल ब्रेक लायनरवर गेलं तर खंबाटकी उतरताना किंवा कुंभार्लीतून चिपळूणला जाताना ब्रेक लागणार नाहीत.

पट्टी काढून पातळीही बघा. गाडी सपाटीला, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. ऑइल कमी झालं तर समजू शकतं, पण न भरता वाढलं असेल तर इंजिन चालू करू नका. आत डिझेल किंवा पाणी मिसळतंय. दुधाळ दिसलं तर पाणी नक्की. आणि कुणी 'जरा जास्त असू दे' म्हणून वरच्या खुणेच्या पुढं भरलं असेल, तर क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ते सगळीकडून बाहेर यायला बघतं. गळतीचं हे एक कारण फुकटात दुरुस्त होतं.

ऑइल खाली येतं आणि मागं पळतं

आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. ऑइल वजनानं खाली येतं, आणि पंख्याच्या व रस्त्याच्या वाऱ्यानं मागं जातं. त्यामुळं इंजिनाच्या वरच्या टोकाला, पुढं कुठंही गळती असली, तरी शेवटचा थेंब पडतो तो मागं, खाली. म्हणजे बरोबर फ्लायव्हीलच्या घराच्या तळाशी. आणि मागचं क्रँक सील गेल्यावर थेंब पडतो तोही तिथंच.

म्हणून जिथं थेंब पडतो तिथं बघून उपयोग नाही. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण शोधायचं.

आमच्या ट्रकचं असंच झालं होतं. एका गॅरेजनं खालून बॅटरी मारली आणि मागचं सील सांगून टाकलं. आमचे नेहमीचे मिस्त्री कराडचे. त्यांनी गाडी बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, "आधी धुऊन आण. चिखलात माग लागत नसतो." धुतल्यावर, पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर दिसलं ते असं: टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ निघून हेडच्या मागून उतरत थेट खाली गेलेली. गिअरबॉक्सला पाना लावायची गरजच पडली नाही.

धुवा, वाळवा, पावडर मारा

पद्धत अशी. इंजिन थंड असताना डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रशनं सगळी काळी खापरी काढा. मग पाणी. अल्टरनेटर, स्टार्टर, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकनं झाकून ठेवा. धुण्यासाठी गाडी ओढ्यात किंवा नदीघाटावर नेऊ नका. ते काळं पाणी पुढं कुणाच्या तरी विहिरीत आणि रानात जातं. वॉशिंग सेंटरवर जा.

पूर्ण वाळलं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकरून मारा. गाडी पाच मिनिटं जागेवर चालवा, बघा. मग वीस किलोमीटर, पुन्हा बघा. मग भरलेल्या गाडीनं एक फेरी. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ जिथं सुरू होते, तिथं तुमची गळती.

इथं मोबाईल फार कामाचा. धुतल्यानंतर लगेच चारही बाजूंनी फोटो काढा, आणि प्रत्येक फेरीनंतर त्याच जागेवरून पुन्हा. हेडच्या मागं किंवा डिझेल पंपाच्या आड डोकं जात नाही, पण फोन जातो. टॉर्च लावून व्हिडिओ घ्या आणि बाहेर येऊन मोठा करून बघा. मात्र इंजिन बंद असताना! फिरता पंखा आणि बेल्टजवळ फोनही नको आणि हातही नको. हे फोटो मिस्त्रीला दाखवले की बोलणं अंदाजावर राहत नाही.

गळती फारच बारीक असेल तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. निळ्या-जांभळ्या बॅटरीखाली तो उठून दिसतो. पण जुन्या ट्रकला बहुतेक वेळा पावडर पुरते.

आतून ढकलतंय कोण?

समजा जागा सापडली. लगेच पॅकिंग आणायला पळू नका. पॅकिंग म्हातारं झालंय, की आतला दाब त्याला बाहेर ढकलतोय, हे बघायचं राहिलंय.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. ब्रीदरची जाळी किंवा नळी काजळीनं तुंबली, नळी दुमडली, कुणी 'धूर दिसतोय' म्हणून तिला चिंधी कोंबली, की तो वायू दुसरी वाट शोधतो. जे सील सगळ्यात कमजोर, तिथून ऑइल घेऊन बाहेर पडतो. तुम्ही ते सील बदलता, मग पुढच्या महिन्यात दुसरं गळायला लागतं. "एवढं काम केलं तरी गाडी ऑइल टाकतेच," अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी पहिलं ब्रीदर बघावं. काढून डिझेलनं धुणं, नळीतून फुंकून बघणं, एवढंच काम.

ब्रीदर मोकळा आहे, तरी दाब आहे? इंजिन गरम करून, जागेवर सावकाश चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी वाफ आली तर ठीक. झाकण थडथडा नाचायला लागलं, भसाभसा धूर ढकलत आला, तर ज्याला गॅरेजात 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात ते झालंय. रिंगा, लायनर झिजलेत. तिथं सील बदलणं म्हणजे फुटक्या घागरीला लिंपण. हाफ इंजिनाचा विचार करावा लागतो.

पण थांबा, अजून एक संशयित आहे: हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर. त्याच्या रिंगा झिजल्या तर त्याची हवा इंजिनाच्या चेंबरमध्ये शिरून दाब वाढवू शकते. हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडून बघा. पाण्याबरोबर ऑइल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसर तपासून घ्या. पूर्ण इंजिन उघडण्यापेक्षा ते काम कितीतरी लहान.

दुरुस्ती: स्वस्तातून महागाकडं

टॅपेट कव्हर. जुनं बुचाचं किंवा रबरी पॅकिंग कडक होऊन चिरतं. बदलताना दोन्ही बाजू खरवडून कोरड्या करा. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्ट फार आवळू नका. भोकाभोवती पत्रा दबतो आणि मधला भाग उचलला जातो. वाकलेली कड सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करा. बारा व्हॉल्व्हच्या ६बीटीला प्रत्येक सिलिंडरचं कव्हर वेगळं असतं, म्हणजे तपासायच्या जागाही सहा.

ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी बेसवरच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा होतात, आणि दाब आला की धो-धो गळतं. बेस पुसून बघा, नव्या रिंगेला ऑइल लावा, रिंग टेकल्यावर हातानं साधारण पाऊण फेरा. पान्यानं आवळायची गरज नसते.

ड्रेन प्लग. तांब्याचा वॉशर नवा टाका. रात्री-बेरात्री मिळालाच नाही तर जुना लालभडक तापवून थंड करा. तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं.

चेंबर. खालच्या पॅकिंगचे बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. सिलिकॉन लावायचंच असेल तर बारीक रेघ. बचाबचा लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला पिळलं जातं, त्याचे तुकडे पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. बाहेरची गळती थांबवायच्या नादात आतला रस्ता बंद!

बाजूची पुशरॉडची झाकणं. ६बीटीला हे झाकण डिझेल पंपाच्या मागं लपलेलं असतं, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. फोनचा व्हिडिओ इथंच कामाला येतो.

पुढचं क्रँक सील. पुली काढल्यावर सीलचा ओठ जिथं घासतो तिथं नख फिरवा. खाच लागली तर नुसतं नवं सील टिकणार नाही. त्यावर पातळ बाही चढवता येते, किंवा जागा असेल तर सील थोडं पुढं-मागं बसवता येतं. आणि बसवण्याआधी सीलबरोबरचा कागद वाचा. साध्या रबरी ओठाला ऑइल लावून बसवतात, पण कमिन्सच्या टेफ्लॉन ओठाचं सील कोरडं बसवायचं असतं, शाफ्टही पुसून कोरडा करून. 'सील म्हटलं की ऑइल लाव' या सवयीनं नवीन सीलही गळायला लागतं.

मागचं सील खरंच गेलं असेल तर

वरचं सगळं कोरडं आहे, ब्रीदर मोकळा आहे, आणि तरी फ्लायव्हीलच्या घरातून काळं ऑइल येतंय, तर गिअरबॉक्स उतरवायला लागणार. ऑइल घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलवर संशय घ्या. उतरवायचा दोन्हींतही आहेच.

अशा वेळी मजुरी एकदाच द्यायची. त्याच खोलाईत क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि फ्लायव्हीलची रिंग बघून घ्या. काही जुन्या इंजिनांत मागं रबरी सीलच्या जागी दोरीचं पॅकिंग असतं. ते बसवणं हाताच्या सवयीचं काम आहे, ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. आमच्या ट्रकलाही पुढच्या वर्षी मागचं सील करावं लागलं. पण ते पट्टा पडल्यावर, निवांत, क्लच प्लेटबरोबर. त्या आधीचा पूर्ण हंगाम टॅपेटच्या पॅकिंगवर आणि साफ केलेल्या ब्रीदरवर निघाला.

हे करू नका

गळती थांबवणारी बाटली ऑइलमध्ये ओतू नका. ती रबर फुगवते, काही दिवस बरं वाटतं, पुढं चांगली सीलंही मऊ पडतात. आणि तुटक्या पॅकिंगला तिचा काहीच उपयोग नाही. 'जाड ऑइल टाक, कमी गळेल' हाही उपाय नाही. थंडीत सकाळी सुरू करताना जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड आहे तोच टाका, बहुतेक जुन्या ट्रकना १५डब्ल्यू-४०.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. चाकांना दगड नाही, लाकडी ठोकळे लावा आणि खाली मजबूत आधार द्या. गरम ऑइल काढताना हात जपा. काढलेलं ऑइल बांधावर, गटारात ओतू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे. डब्यात भरा आणि अधिकृत पुनर्वापरवाल्याला माल देणाऱ्या गॅरेजात द्या.

गाडी कुठल्या क्षणी उभी करायची?

ऑइल प्रेशरचा काटा पडला किंवा दिवा लागला, तर त्याच जागी इंजिन बंद. 'पुढच्या ढाब्यापर्यंत' नाही. ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर टपकत असेल तरीही बंद. भरलेली गाडी चढाला असताना ते लोखंड शेकडो अंशांनी तापलेलं असतं, आगीला तेवढं पुरतं. आणि टर्बोतून ऑइल हवेच्या पाइपमध्ये जातंय, निळा धूर येतोय, तर रेस देऊन बघू नका. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुटू शकतं, मग चावी बंद करूनही थांबत नाही.

तुमचे दोन प्रश्न

पलूसहून एकानं विचारलंय, "पासिंगला गळती चालते का?" आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो. नुसतं वरून धुऊन नेलेली गाडी तिथं एखाद्या वेळी निघूनही जाईल. पण घाटात मागून येणाऱ्या दुचाकीच्या चाकाखाली तुमचं ऑइल येतं, तिथं कसलं पासिंग? पहिल्या पावसात तर तो रस्ता साबणासारखा होतो.

फलटणहून एका बहिणीचा प्रश्न, "बाबा म्हणतात जुनी गाडी थोडी घाम सोडणारच. खरंय का?" खरंय. जोडावर ओलसरपणा, त्याला धूळ चिकटलेली, पण थेंब पडत नाही, असं असेल तर पुसा आणि महिन्याला फोटो काढून ठेवा. घाम आणि गळती यांतला फरक थेंबाचा आहे. थेंब पडायला लागला की वही काढा.

तर मंडळी, हंगामाला अजून वेळ आहे. या रविवारी गाडी धुऊन घ्या, पावडर मारा, आणि काळी रेघ कुठून निघाली त्याचा फोटो आम्हाला पाठवा. त्यातले निवडक फोटो घेऊन पुढच्या भागात बसू. तोवर रामराम, आणि सकाळी चावी मारायच्या आधी पट्टी बघा!